घुबडाची पेटी, एक हंगाम वापरल्यावर: पक्षी झकास, भोक चुकलंय

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. घुबडानं शेतावर राहून उंदीर खावेत म्हणून लावायची ही पेटी, आत कॅमेरा बसवलेली. पक्ष्याला पाचपैकी पाच, कॅमेऱ्याला चार, पेटीला दोन. पेटीचे तीन तारे एकाच कारणासाठी कापलेत. आत-बाहेर जायचं भोक तळापासून जेमतेम वीतभर वर आहे. प्लाय चांगला आहे, बिजागऱ्या गंजल्या नाहीत, रंग अजून टिकून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. भोकाबद्दल मात्र मी गेले कित्येक आठवडे भेटेल त्याला सांगतोय, आता इथेही सांगतो.

आमचं रान वाळवा तालुक्यात, नदीच्या अंगाला. आडसाली ऊस, कडेला थोडी हळद. उंदीर ऊस बुडात कुरतडतात ते एकवेळ सोसलं असतं, पण ठिबकच्या नळ्या? पाणी सोडलं की जागोजागी कारंजी. फुटलेली नळी जोडायच्या जॉइनरची पिशवी खिशात घेऊन सऱ्यांतून फिरायचं आणि दुकानदाराची उधारी वाढवायची. विषाची गोळी ठेवली की चार दिवस शांतता, पुन्हा तेच. म्हणून ही पेटी ऑनलाइन मागवली. जाहिरातीत एक जोडी वर्षाला किती हजार उंदीर फस्त करते तो आकडा ठळक छापला होता. तो इथे देत नाही, कारण छापणाऱ्याने रात्री जागून मोजले असतील असं वाटत नाही. बाकी कल्पना खरी आहे आणि जुनीही. मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांत अशा पेट्या लावतात, इस्रायलच्या बेत शिआन खोऱ्यात १९८३ पासून शेतात लावतात.

पेटी गोठ्याच्या शेडमध्ये, आढ्याखाली कैचीला, म्हणजे छपराच्या सांगाड्याला, बोल्टनं आवळली. कॅमेरा चढवतानाच आत बसवून टाकला. हे महत्त्वाचं, पक्षी आल्यावर आत हात घालायचा नाही. त्यानंतर काही महिने काहीच नाही. एक साळुंकी येऊन काड्या भरून गेली. बायको येता-जाता विचारायची, "उंदरांसाठी वन बीएचके बांधलाय का?" तेव्हा मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा दिला असता आणि पैसे परत मागितले असते.

तोडणी सुरू झाली आणि चित्र पालटलं. फड मोकळा होतो तसा उंदीर बांधाला आणि गोठ्याकडे पळतो, मागोमाग पांढऱ्या तोंडाची गव्हाणी घुबडं आली. आधी ती गावातल्या पडक्या वाड्यात असायची. एका सकाळी कडब्यावर पांढरे ओघळ आणि खाली काळे गोळे दिसले, म्हणजे न पचलेले केस-हाडं घुबड ओकून टाकतं ते. ताजा गोळा वार्निश मारल्यासारखा चकचकीत असतो. पोरांनी तो कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवला, आत केसांत गुंडाळलेल्या दोन उंदरांच्या कवट्या आणि एक चिचुंद्रीची, अख्ख्या. चिचुंद्री ओळखायची खूण सोपी आहे. उंदराच्या पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते, हिच्या दातांची टोकदार रांग सलग जाते.

आईचा सुरुवातीला सक्त विरोध. "दारात घुबड बसवतोस?" पिंगळा तिला चालतो, तो वडावर बोलला तरी ती काही म्हणत नाही, पण हा पांढऱ्या तोंडाचा नको. लक्ष्मीचं वाहन कोण, एवढंच मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. आता रोज सकाळी चहाआधी तिचा प्रश्न असतो, "रात्री किती आणले?"

आता कॅमेऱ्याबद्दल. साधा वायफाय कॅमेरा, अंधारात काळं-पांढरं दाखवणारा. लाइट गेली की बंद, आणि शेतावरची लाइट कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. हालचालीची सूचना पहिल्याच रात्री बंद केली, नाहीतर मोबाइल थरथरत फुटला असता. काचेवर धूळ बसते, पुसता येत नाही, म्हणून एक तारा कमी. पण जे दिसलं त्यासाठी रिचार्जचे पैसे वसूल.

मादी घरटं बांधत नाही. ओकलेल्या गोळ्यांचा भुगा पसरून त्यावरच अंडी घालते. आमच्याकडे पाच, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. पहिलं अंडं पडलं की ती लगेच बसते, त्यामुळे पिल्लंही अंतरा-अंतरानं निघतात. सुमारे महिनाभर ती जागची हलत नाही, नर उंदीर आणून तिच्या तोंडात देतो आणि जातो. पिल्लं निघाली तेव्हा काही दिवस तो इतके आणायचा की कोपऱ्यात न खाल्लेल्या उंदरांची रास. आमच्या फ्रिजपेक्षा तिथे शिस्त होती म्हणा. मादी बारीक तुकडे करून भरवायची. पुढे मोठी पिल्लं अख्खा उंदीर डोक्याकडून गिळायला लागली, आणि शेपूट चोचीबाहेर लोंबकळत ठेवून तशीच बसून राहायची.

मग अवकाळी आला. घुबडाचं पीस मऊ, त्यामुळे उडताना आवाज येत नाही, पण पाऊस त्याला सोसत नाही. दोन रात्री नर जवळपास रिकामा आला. तिसऱ्या दिवशी सगळ्यात धाकटं पिल्लू दिसेना, आणि मोठ्यांतलं एक काहीतरी ओढताना दिसलं. मी मोबाइल उलटा ठेवून दिला. आधी वाटलं ही जातच निर्दयी. पण त्याच मोठ्या पिल्लानं आठवड्याभरात आपल्या वाट्याचा उंदीर मागच्या लहानग्यापुढे सरकवलेला मी पाहिला, तेही दोनदा. खाणं असेल तर सगळी जगतात, नसेल तर पुढची तरी जगतात, असा हिशेब असावा. तेव्हापासून मी शिव्या द्यायचं थांबवलं.

आवाज हा वेगळाच विषय. ही घुबडं घुमत नाहीत. मोठी किंचाळतात आणि पिल्लं भुकेनं रात्रभर घोरल्यासारखा फसफस आवाज काढतात. गोठ्यात झोपणाऱ्या गड्यानं पहिल्या रात्री साप समजून बॅटरी-काठी शोधली.

आता भोक. पिल्लं मोठी होतात तसा तळ वर येतो, कारण रोजचे गोळे पायाखाली तुडवून त्याचा थर बसतो. आमच्या पेटीत हा थर तीन-चार बोटं चढला. मुळात वीतभर असलेली उंची त्यामुळे किती उरली ते बघा. पंख फुटायच्या आत पिल्लं भोकात येऊन बसायला लागली, आणि एका पहाटे त्यातलं एक खाली, कडबाकुट्टीजवळ. नशीब, कुत्रा बांधलेला होता. जवळ गेलो तर पठ्ठ्या उताणा झाला, दोन्ही पायांची नखं वर रोखली, जिभेनं टकटक वाजवत माझ्याकडे एकटक बघत राहिला. मारायला काही नव्हतं त्याच्याकडे, पण रुबाब केवढा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खाली पडलेल्या पिल्लाला आई-बाप खाली येऊन सहसा भरवत नाहीत. "त्याचे ते बघतील" म्हणून सोडलंत तर ते उपाशी मरतं. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकतात हेही खोटं. बारदानात गुंडाळायचं, शिडी लावायची, परत आत ठेवायचं. जखम असेल तर वनविभागाला फोन करायचा. घरी पाळायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

मग विक्रेत्याला फोन. पहिला माणूस म्हणाला पेटी फुटली असेल तर फोटो पाठवा. पेटी फुटली नाही, पिल्लू पडलं म्हटल्यावर तो गप्प झाला आणि वरिष्ठांकडे जोडलं. वरिष्ठ म्हणाले, "सर, पक्ष्याच्या वागण्याची वॉरंटी नसते." मी म्हटलं, वागणं नको, भोकाचं माप बोला. ब्रिटनमधली बार्न आउल ट्रस्ट ही गव्हाणी घुबडांसाठी काम करणारी संस्था भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान ४५ सेंटीमीटर सांगते, म्हणजे दीड फूट. तुमची पेटी त्याच्या निम्मीही नाही. त्यावर उत्तर आलं की ही पेटी "सर्व पक्ष्यांसाठी" आहे. चिमणीला आणि घुबडाला एकच घर! शेवटी दुसऱ्या पेटीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. म्हणजे अजून एक भोक, दहा टक्के स्वस्तात.

तात्पुरता इलाज म्हणून रोपवाटिकेतलं उरलेलं शेडनेट पेटीखाली चारी कोपऱ्यांनी ताणून बांधलं, खर्च शून्य. त्यात नंतर आणखी एक पिल्लू अलगद पडलं आणि तासभर तिथेच डुलत बसलं. दोन महिन्यांच्या आसपास चौघंही कैचीवर चालू लागली आणि हळूहळू उडाली. त्यानंतर गावच्या सुताराला बोलावलं. त्यानं जुनं भोक फळी ठोकून बंद केलं, वर पाच इंच चौकोनी नवीन पाडलं आणि बाहेर कठड्याची फळी लावली, म्हणजे पिल्लांना पंख फडफडवायला जागा. मजुरी आणि फळ्या धरून पेटीच्या किमतीच्या पाव भागात काम झालं. बिलाचा फोटो विक्रेत्याला पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

उंदीर संपले का? नाही. मोठी घूस या अर्धा किलोच्या पक्ष्याच्या आवाक्यातली नाही, ती सापळ्यानंच धरावी लागते. पण गोठ्यातला वावर कमी झालाय, पेंडीची पोती फाटत नाहीत आणि या हंगामात जॉइनरची उधारी बरीच खाली आली. माझ्यासाठी हिशेब तिथेच जमला.

अट एकच, ब्रोमाडिओलोनची, म्हणजे उंदराच्या विषाची, गोळी बंद. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच आधी सापडतो. मी बंद केली. बांधाशेजारच्या तात्यांनी नाही केली. म्हणून त्यांना एका रात्रीचं रेकॉर्डिंग दाखवलं, नर त्यांच्याच फडाकडून उंदीर घेऊन येताना. "म्हणजे माझे उंदीर तुझ्या पेटीत?" असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सुताराचा नंबर मागितला. नंबर दिला, सोबत माप कागदावर लिहून दिलं: तळापासून दीड फूट, दार मागच्या बाजूला. आतला थर पेटी रिकामी असतानाच काढायचा, तोंडाला फडकं बांधून.