ई-रीडरवर जाड फँटसी: वाचन झकास, नकाशाची माती

स्क्रीन सहा इंची, ३०० पीपीआय (दर इंचाला तितके ठिपके, म्हणजे रेखीव अक्षर), बॅटरी आठवडे पुरते. हे सगळ्यांना पाठ आहे, ते उगाळत नाही. हा अनुभव काही महिने ई-रीडरवर फक्त यंग अडल्ट फँटसी, म्हणजे किशोर-तरुणांसाठीच्या जादुई कादंबऱ्या, वाचण्याचा. म्हणजे सहाशे पानांचे खंड, पाच राज्यं, चार घराणी आणि प्रत्येकाची वेगळी जादू.

वजनाचा प्रश्न सुटतो, अंधारात वाचता येतं. झालं कौतुक. आता नकाशा.

छापील पुस्तकात नकाशा दोन समोरासमोरच्या पानांवर पसरतो. ई-बुकमध्ये एकतर त्याचे मधोमध दोन तुकडे करतात, नाहीतर आख्खा एका पडद्यात कोंबतात. फाइलमधलं चित्रच लहान करून घातलेलं असेल, तर ३०० पीपीआय चाटायचे का? झूम केलं की गावांची नावं फुटतात. नकाशा रंगीत असेल तर ई-इंकच्या (ई-रीडरच्या काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या) १६ करड्या छटांत नदी, रस्ता आणि सरहद्द एकसारख्याच दिसतात. नायिका तीन प्रकरणं नदीकाठाने चालते आणि आपण सरहद्दीवर बोट फिरवत बसतो. त्यात बऱ्याच फाइल्स उघडतात थेट पहिल्या प्रकरणावर. नकाशा आणि पात्रसूची मागे राहतात, आहेत हेसुद्धा कळत नाही.

यावर उपाय एकच: पुस्तक उघडलं की आधी मुखपृष्ठावर जायचं, तिथून एकेक पान पुढे. नकाशा आणि पात्रसूची दिसली की बुकमार्क. कित्येक लेखक मोठा नकाशा आपल्या वेबसाइटवर ठेवतात. तो ए-फोर कागदावर आडवा छापून कव्हरमध्ये सरकवायचा. एवढ्या महागड्या यंत्राला शेवटी कागदच लागतो, हे आहेच.

दुसरा सापळा सिंकचा, म्हणजे ई-रीडर आणि फोन एकाच पानावर ठेवण्याच्या सोयीचा. शब्दसूची, म्हणजे गोष्टीतल्या नव्या शब्दांचे आणि नावांचे अर्थ, पुस्तकाच्या शेवटी असते. ती बघायला गेलात की यंत्र समजतं वाचन ९८ टक्क्यांवर आलं, आणि फोनवर तेच पुस्तक उघडलं की ‘सर्वांत पुढच्या पानावर जायचं का?’ विचारतं. नाही म्हणायचं. टक्क्यांवर एरवीही भरवसा नको. परिशिष्टं आणि पुढच्या खंडाचं पहिलं प्रकरण धरून हिशोब असतो, त्यामुळे गोष्ट नव्वदीच्या आसपासच संपू शकते.

शब्दसूचीबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. आता पहिला पाव भाग होईपर्यंत ती उघडायचीच नाही, या मताला आलो आहे. चांगला लेखक तोवर शब्द संदर्भातून शिकवतो. नाही शिकवला तर दोष त्याचा. शिवाय एखाद्या नावापुढे ‘माजी राणी’ दिसलं की राणीचं काय होणार ते फुकटात कळतं. सर्चही तितकाच घातक, पुढच्या प्रकरणांतल्या ओळी सरळ समोर मांडतो.

अनपेक्षित फायदा झाला हायलाइटचा. जादूचा नियम सांगणारं प्रत्येक वाक्यावर खूण करत जायचं: शक्ती कुठून येते, किंमत काय मोजावी लागते, काय अजिबात जमत नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये मांडलेला नियम असा, की वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकंच लेखकाने तिच्या जोरावर पेच सोडवणं पटतं. शेवटची लढाई संपली की हायलाइट्सची यादी उघडायची आणि नायिका जिच्यामुळे जिंकली ती युक्ती शोधायची. आधी कुठेच नसेल, तर लेखकाने ती ऐनवेळी घुसडली. कागदी पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा हुडकत बसावं लागतं; इथे सगळ्या एका यादीत.

तरीही मालिका ई-बुकमध्ये घेण्याआधी फुकटचा नमुना उतरवून घ्या, कारण वाचून झाल्यावर फाइल कागदी प्रतीसारखी विकता येत नाही. नकाशा सुरुवातीलाच असेल तर नमुन्यात बहुधा येतो. सगळ्यात बारीक अक्षरातलं गाव शोधा, झूम करा. वाचता आलं तर ई-बुक. नाही आलं तर पेपरबॅक.