घुबड, रुमालात बांधलेलं

अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात सकाळ गेली आणि तिथेच माझी मती फिरली. प्राचीन ट्रॉय नगरी उकरणाऱ्या श्लीमानचं ते राहतं घर. काचेआड घुबडछाप चांदीची नाणी: एका अंगाला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या अंगाला टक्क बघणारं घुबड, ऑलिव्हची डहाळी, इवलीशी चंद्रकोर. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लाव्रिओच्या खाणीत चांदीचं घबाड लागलं. ती नागरिकांना वाटून द्यायचं घाटत होतं, पण थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याने त्यातून युद्धनौका बांधायला लावल्या आणि तीनच वर्षांत सलामिस बेटापाशी इराणी आरमाराचा धुव्वा उडाला. अशी चांदी हातात धरायला मिळाली तर!

दुपारी मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याने रुमालाची गाठ सोडली. आत घुबड. "आजोबांना शेतात सापडलं. कुठे बोलू नका." ३०० युरोंवरून घासाघीस करत २२० वर आणलं. पावती मागितली नाही. मागायची लाजच वाटली.

पुण्यात सराफांनी काट्यावर ठेवलं. १५.४ ग्रॅम. असलं अस्सल नाणं १७.२ च्या आसपास भरतं. मी म्हटलं, झिजलं असेल. ते काही बोलले नाहीत. दोरा बांधून नाणं पाण्याच्या पेल्यात सोडलं, तर वजन १३.६. घट १.८; १५.४ ला तिने भागलं की घनता साडेआठच्या घरात, चांदीची साडेदहा. "साहेब, पितळ आहे. वर मुलामा." मग त्यांनी माझंच नख धरून कडेवरून फिरवलं. बारीक शिवण लागली. दोन साच्यांचा सांधा! ग्रीकांची नाणी ठशावर हातोडा मारून पाडलेली, त्यांना अशी शिवण कुठून येणार?

गंमत म्हणजे खुद्द अथेन्सला हा उपद्रव होताच. इ.स.पू. ३७५ च्या सुमारास तिथे कायदा झाला: बाजारात सावकारांच्या पेढ्यांशी सरकारी पारखी बसेल आणि आत तांबं निघालेलं नाणं जागीच कापेल. मला मात्र पारखी भेटला तो पैसे गेल्यावर.

तक्रार कुणाकडे करू? नाणं अस्सल असतं तर परवान्याशिवाय ग्रीसबाहेर आणलं म्हणून गुन्हेगार मीच. म्हाताऱ्याचं "कुठे बोलू नका" हे त्याचसाठी होतं, हे विमानतळावर मोज्यात नाणं लपवताना तरी कळायला हवं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गेल्या महिन्यात एका संग्राहक मित्राने आपला अल्बम उघडला. तेच घुबड. उजव्या डोळ्याखाली तोच ओरखडा, चंद्रकोरीपाशी तोच टवका. हाताने पाडलेली दोन नाणी इतकी सारखी कधीच निघत नाहीत.

त्याने तुर्कस्तानात घेतलं होतं. ८० युरोंना.