शहराचा राजकीय कल मोजायला ‘डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग’: फुकट आणि नेमकं, पण हात दुखवणारं

अमेरिकेतली सर्वांत उदारमतवादी शहरं, सर्वांत पुराणमतवादी शहरं अशा याद्या नेटवर पैशाला पासरी मिळतात. त्यातल्या बऱ्याच याद्यांची गोम एकच: नाव शहराचं आणि आकडा काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा. अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल काउंटीनुसार सहज हाती लागतात, शहरानुसार बहुतेक ठिकाणी कोणी बेरीज करून देत नाही. टेक्ससमधलं फोर्ट वर्थ घ्या. ते टॅरंट काउंटीचं मुख्य ठिकाण, त्यामुळे टॅरंटचा निकाल बिनदिक्कत त्याच्या नावावर टाकला जातो. 2020 च्या जनगणनेत काउंटीची वस्ती 21 लाख 10 हजार होती आणि फोर्ट वर्थची 9 लाख 19 हजार, म्हणजे निम्म्याहूनही कमी. उरलेल्यांत जवळपास चार लाख वस्तीचं आर्लिंग्टन आहे, शिवाय साउथलेक, कॉलीव्हिल अशी सधन, पक्की रिपब्लिकन उपनगरं आहेत. वर फोर्ट वर्थच्या हद्दीचे तुकडे शेजारच्या डेंटन, पार्कर, वाइज आणि जॉन्सन काउंट्यांतही शिरलेले आहेत. उत्तरेचं टेक्सस मोटर स्पीडवे हे मोटारशर्यतींचं मैदान शहराच्या हद्दीत येतं, पण काउंटी डेंटन.

महापौर कोणत्या पक्षाचा हे पाहणं तर त्याहून फसवं. बहुतेक अमेरिकी शहरांत पालिकेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापलेलं नसतं. डॅलस काउंटीने 2020 मध्ये बायडनना सुमारे 65 टक्के मतं दिली, आणि डॅलसचे महापौर एरिक जॉन्सन सप्टेंबर 2023 मध्ये रिपब्लिकन पक्षात गेले. अ‍ॅरिझोनातल्या मेसाचे रिपब्लिकन महापौर जॉन जाइल्स यांनी 2024 मध्ये कमला हॅरिसना उघड पाठिंबा दिला. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने 2023 मध्ये डेमोक्रॅट डॉना डीगन यांना महापौर निवडलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या काउंटीत ट्रम्प जिंकले.

तेव्हा खरा आकडा हवा असेल तर प्रिसिंक्टपर्यंत, म्हणजे एका मतदान केंद्राखालच्या विभागापर्यंत खाली उतरावं लागतं. त्यासाठी आज मिळणारं सर्वांत उपयोगी फुकट साधन म्हणजे ‘डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग’. डेव्ह ब्रॅडली यांनी 2009 च्या सुमारास सुरू केलेलं हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन मुळात मतदारसंघांच्या सीमा आखून पाहण्यासाठी आहे. शहराचा कल मोजणं हे त्याचं जाहिरातीतलं काम नव्हे, पण मतदारसंघ आखायला जे लागतं तेच इथे लागतं: प्रिसिंक्टचे नकाशे, त्यावर चढवलेले निकाल आणि निवडलेल्या तुकड्यांची आपोआप होणारी बेरीज.

नव्या माणसासाठी आधी रंगांचं बघू. मराठी डोळ्याला लाल म्हटलं की लाल बावटा आठवतो. अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट. हा संकेतही काही फार जुना नाही, 2000 च्या निवडणुकीनंतर तो पक्का झाला.

काम असं करायचं. फुकटचं खातं उघडा, नाहीतर रंगवलेला नकाशा जतन होणार नाही. राज्य निवडून नवा नकाशा सुरू करा. प्रकार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांचा घेतला तरी चालतो, कारण आपल्याला फक्त पहिला मतदारसंघ वापरायचा आहे. शहरांच्या हद्दी दाखवणारी रेषा चालू करा. ब्रश प्रिसिंक्टवर ठेवा आणि हद्दीच्या आतले सगळे प्रिसिंक्ट ‘एक नंबर’च्या रंगात रंगवा. बाकीचं राज्य रिकामं राहू द्या. बाजूच्या तक्त्यात एक नंबरची लोकसंख्या आणि पक्षनिहाय टक्के रंगवता रंगवता बदलत जातात. ही लोकसंख्या हीच तुमची तपासणी: ती जनगणनेतल्या शहराच्या आकड्याच्या एक-दोन टक्के आतबाहेर आली की थांबा. फोर्ट वर्थला 9 लाख 19 हजारांऐवजी 10 लाख दिसायला लागले, तर कुठेतरी हॉल्टम सिटी किंवा रिव्हर ओक्स आत ओढलं गेलंय असं समजा. ही छोटी गावं फोर्ट वर्थला चिकटून किंवा त्याच्या पोटातच आहेत, पण पालिका वेगळ्या.

अशा वेड्यावाकड्या शहराला पाऊण-एक तास सहज जातो. माउसशिवाय या वाटेला जाऊ नका. मोबाइलवर बोटाने हे काम म्हणजे शिक्षा आहे. जिथे शहर आणि काउंटी एकच, तिथे मात्र ब्रश काउंटीवर ठेवून एका टिचकीत काम होतं: सॅन फ्रान्सिस्को, डेन्व्हर, फिलाडेल्फिया. व्हर्जिनियातली स्वतंत्र शहरंही तशीच. न्यूयॉर्कला पाच टिचक्या लागतात, कारण पाच बरो म्हणजे पाच काउंट्या. त्या वेगवेगळ्या रंगांत रंगवल्या तर चित्र जास्त बोलकं होतं: 2020 मध्ये मॅनहॅटनमध्ये बायडनना 86 टक्के, आणि त्याच शहराच्या स्टेटन आयलंडवर ट्रम्पना जवळपास 57 टक्के.

प्रिसिंक्टची सीमा आणि शहराची हद्द जुळत नाही, तेव्हा ब्रश ब्लॉकपर्यंत, म्हणजे जनगणनेच्या सर्वांत लहान तुकड्यापर्यंत खाली नेता येतो. इथे भुलू नका. ब्लॉकनिहाय मतं कोणी मोजत नाही. प्रिसिंक्टची मतं ब्लॉकांवर अंदाजाने वाटून दिलेली असतात. अर्ध्या प्रिसिंक्टात नवी बंगल्यांची वसाहत आणि अर्ध्यात जुन्या चाळवजा अपार्टमेंट असतील, तर दोन्हींना एकच टक्केवारी चिकटते. दोन-चार तुकड्यांसाठी चालेल, सगळी कड अशी कातरत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक निवडणूक निवडताना होते. 2018 मध्ये एकाच दिवशी, एकाच टॅरंट काउंटीत सिनेटसाठी डेमोक्रॅट बेटो ओरूर्क थोडक्यात पुढे राहिले आणि गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन ग्रेग अ‍ॅबट आरामात जिंकले. मतदार तेच, रांग तीच. मग काउंटी निळी की लाल? म्हणूनच इथली अनेक निवडणुकांची सरासरी वापरण्याची सोय मोलाची आहे. मात्र सरासरीत कोणत्या निवडणुका धरल्या आहेत ते राज्यागणिक बदलतं. दोन राज्यांतली शहरं एकमेकांशी ताडायची असतील तर सरासरी सोडा आणि दोन्हीकडे एकच अध्यक्षीय निवडणूक लावा.

आता आलेला आकडा वाचायचा कसा? 50 टक्क्यांची रेघ मारून या बाजूला निळं, त्या बाजूला लाल असं करू नका. देशाशी तुलना करा. ‘कुक पोलिटिकल रिपोर्ट’ या निवडणूक-विश्लेषण संस्थेचा प्रसिद्ध पीव्हीआय, म्हणजे पक्षीय कलाचा निर्देशांक (1997 पासून) हेच करतो: शेवटच्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत तो मतदारसंघ देशाच्या तुलनेत किती गुण इकडे किंवा तिकडे होता, आणि त्यातल्या ताज्या निवडणुकीला 2022 पासून तिप्पट वजन. तो मिळतो फक्त राज्यांना आणि काँग्रेसच्या मतदारसंघांना, शहरांना नाही. पण घरच्या घरी करायला कागद-पेन्सिल पुरे. इतर उमेदवारांची मतं वगळून फक्त दोन पक्षांतला डेमोक्रॅटचा वाटा काढा आणि त्यातून देशाचा वाटा वजा करा. देशाचा वाटा 2016 मध्ये 51.1, 2020 मध्ये 52.3 आणि 2024 मध्ये 49.2 टक्के होता.

टॅरंट काउंटीवरच हे लावून बघा. 2016 मध्ये तिथे डेमोक्रॅटचा वाटा 45.5, 2020 मध्ये 50.1, 2024 मध्ये 47.4. मथळे काय म्हणाले? काउंटी निळी झाली (तीही दोन हजारांहून कमी मतांनी), मग पुन्हा लाल झाली. वजाबाकी वेगळंच सांगते: देशाच्या उजवीकडे (म्हणजे रिपब्लिकन बाजूला) आधी साडेपाच गुण, मग दोन, मग पुन्हा जवळपास दोनच. खरा बदल 2016 ते 2020 मध्ये झाला. त्यानंतर काउंटी देशाबरोबर हलली, जागची सरकली नाही. उलट मायामी-डेड पाहा. 2016 मध्ये देशाच्या डावीकडे 14 गुण असलेली ही काउंटी 2024 मध्ये उजवीकडे सुमारे 5 गुणांवर गेली. हा खरा पालट. ‘मायामी लिबरल आहे’ असं सांगणारी जुनी यादी आता रद्दीत घालायची.

पर्यायांबद्दल थोडक्यात. नुसती नजर टाकायची असेल तर न्यूयॉर्क टाइम्सचा प्रिसिंक्ट नकाशा दिसायला देखणा आणि वापरायला सोपा आहे. बेरीज मात्र तो करून देत नाही, आणि रंग जमिनीला लागतो, माणसांना नाही; शंभर मतांचं माळरान दहा हजार मतांच्या टॉवरांपेक्षा मोठं दिसतं.

पक्ष नको, विचारसरणी हवी असेल तर क्रिस टॉसॅनोविच आणि क्रिस्टोफर वॉर्शॉ या राज्यशास्त्रज्ञांचं काम वेगळ्या जातीचं आहे. पावणेतीन लाखांवर लोकांच्या सर्वेक्षणांतून, धोरणांवरच्या उत्तरांवरून, त्यांनी 20 हजारांवर वस्तीच्या शहरांचे अंदाज काढले. 2014 मध्ये गाजलेल्या मोठ्या शहरांच्या क्रमवारीत एका टोकाला सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन आणि सिएटल होती, दुसऱ्या टोकाला मेसा, ओक्लाहोमा सिटी आणि व्हर्जिनिया बीच. आजही अनेक याद्या हीच क्रमवारी तारीख न सांगता छापतात. त्याच व्हर्जिनिया बीचमध्ये 2020 ला बायडन 51.6 विरुद्ध 46.2 ने जिंकले. अभ्यास चुकला असं नव्हे. तो जुना झाला, आणि त्याने मोजलेली गोष्टही वेगळी होती.

मतदारयादीतली पक्षनोंदणी हा पर्याय कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, फ्लोरिडात चालतो. टेक्सस, व्हर्जिनिया, जॉर्जिया, इलिनॉय इथे नोंदणीत पक्ष लिहिलाच जात नाही, तेव्हा तिथली ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ची टक्केवारी कोणी दिली तर तो आकडा अंदाजाचा आहे.

नोकरी किंवा घरासाठी प्लेनो, फ्रिस्को, राउंड रॉक अशा ठिकाणी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक हद्द पाहावी: शाळांची. टेक्ससमध्ये शाळा मंडळाची निवडणूक वेगळी आणि सीमाही वेगळी. फोर्ट वर्थच्या उत्तर भागातली बरीच घरं केलर शाळा मंडळाखाली येतात, फोर्ट वर्थच्या नाही. पत्त्यावर शहराचं नाव आहे म्हणून शाळाही त्याच शहराच्या मंडळाची असेल असं धरून चालू नका. टपालाचा पत्ता तर पालिकेची हद्दसुद्धा पाळत नाही. आणि 2023 च्या कायद्याने टेक्ससने शहरांचे अनेक विषयांतले नियम करण्याचे अधिकार आवळले आहेत, त्यामुळे निळ्या शहरात राहूनही नियम बरेचसे लाल राज्य सरकारचे लागू होतात.

शेवटी एक खड्डा, जो नकाशावर दिसत नाही. व्हर्जिनियात 2020 मध्ये टपालाने आणि आधी येऊन दिलेली मतं प्रिसिंक्टनिहाय न मोजता काउंटीच्या एका वेगळ्या खात्यात जमा झाली होती. कोविडमुळे ती संख्या प्रचंड होती आणि त्यांत डेमोक्रॅट जास्त होते. त्यामुळे तिथला 2020 चा प्रिसिंक्टनिहाय कोणताही नकाशा पाहिलात, तरी ही मतं प्रिसिंक्टांवर वाटून टाकलेली आहेत की नुसती वगळली आहेत, हे आधी तपासा. वगळली असतील तर निळे भागही लालसर दिसतील. राज्याने नंतर कायदा बदलला. व्हर्जिनियासाठी त्यानंतरच्या निवडणुका लावणं बरं.