२०५/५५ आर १६: पावसातल्या घाटासाठी कुठला टायर घ्यावा?

व्हर्टस, स्लाव्हिया, नवी व्हर्ना टर्बो, त्याआधीची लॉरा आणि ऑक्टाव्हिया. दमदार इंजिनाच्या या गाड्यांच्या बऱ्याच मॉडेलांना टायरचा साइज एकच आहे, २०५/५५ आर १६: रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. त्यामुळे कंपनीचे टायर घासले की यातला जवळपास प्रत्येक मालक त्याच तीन-चार नावांपाशी येऊन अडतो: मिशलिन पायलट स्पोर्ट ४, मिशलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ आणि शांततेसाठी नावाजलेला योकोहामा अॅडव्हान डीबी व्ही५५२. पायलट स्पोर्ट आणि यूसी६ मी स्वतः झिजेपर्यंत वापरले आहेत. उरलेल्या दोन्हींवर मित्रांच्या गाड्या भरपूर चालवल्यात, आणि पेट्रोल पंपावर, चाकांच्या अलाइनमेंटच्या रांगेत भेटेल त्या चालकाला टायरबद्दल विचारायची मला सवयच लागली आहे. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

निकष आधीच सांगून टाकतो. कोरड्या डांबरावर हे चारही टायर इतके चांगले आहेत की रोजच्या वापरात फरक शोधावा लागतो. तो उघडा पडतो पावसात, ब्रेक मारताना. सह्याद्रीच्या अल्याड-पल्याड ये-जा करणाऱ्या माणसाने टायर निवडावा तो जुलैतला ताम्हिणी डोळ्यांसमोर ठेवून. आवाज, मायलेज, किंमत हे सगळं त्यानंतर.

ओल्या रस्त्यावर

ताम्हिणीत किंवा वरंध्यात पावसाळ्यात नेहमी घडणारा प्रसंग घ्या. उताराचं वळण, डोंगराकडून पाणी रस्ता ओलांडून दरीकडे चाललंय, सोबत लाल माती आणि बारीक खडी वाहून आलेली. वळणापलीकडे एसटी थांबलेली दिसते आणि पाय ब्रेकवर जातो. पायलट स्पोर्टवर इथे गाडीचं नाक आधी खाली बसतं, वेग भराभर उतरतो आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला जाणवते ती शेवटी शेवटी, तीही क्वचित. स्टिअरिंग त्याच वेळी थोडं वळवलं तरी गाडी ऐकते. हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. सरळ रेषेत थांबणं सगळ्यांना थोड्याफार फरकाने जमतं, पण ब्रेक दाबलेला असताना चिखलाचा पट्टा चुकवण्याइतकी पकड शिल्लक ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

या टायरला फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींची पार्श्वभूमी आहे. २०१४ ते २०२२ या काळात तिथल्या गाड्यांना टायर मिशलिनच पुरवत होती, आणि तिथला नियम असा की ऊन असो वा पाऊस, एकाच नक्षीदार टायरवर धावायचं. शर्यतीचा आणि आपल्या गाडीचा टायर एक नसतो हे उघड आहे, पण कोरडं आणि ओलं दोन्ही एकाच रबरात सांभाळायचं हा विचार पायलट स्पोर्ट ४ मध्ये उतरलेला जाणवतो. पायलट स्पोर्ट ५ ही पुढची पिढी २०२२ मध्ये आली, मात्र तिचे साइज मुख्यतः १७ इंच आणि त्यापुढचे. सोळा इंची रिमवाल्यांनी तिची वाट बघत बसू नये.

यूसी६ ओल्यात पायलट स्पोर्टच्या एक पायरी खाली, पण ती पायरी छोटी आहे. उभ्या पाण्यावरून जाताना तर मला त्याचा विश्वास जास्तच वाटला. पुणे-सोलापूर रस्त्यावर कडेच्या लेनमध्ये तळी साचतात, तिथे तो पाणी कापत सरळ जातो, स्टिअरिंग हलकं पडत नाही. वळणात जोर लावल्यावर मात्र कळतं की त्याची मर्यादा थोडी आधी येते. ती येते तेव्हा आधी सांगून येते, पुढची चाकं कुरकुरत बाहेर सरकू लागतात. नव्या चालकासाठी हा मोठा गुण आहे.

प्रायमसी ४ एसटी हा मुळात आरामाचा टायर. त्याचा ओला ब्रेक चांगलाच आहे, पण स्टिअरिंग वळवल्यापासून गाडी वळेपर्यंत क्षणभर विलंब जाणवतो, कारण साइडवॉल मऊ आहे. रोज शांतपणे चालवणाऱ्याला तो कधी कळणारही नाही. घाटात लागोपाठ डावं-उजवं वळण घेणाऱ्याला कळतो, आणि एकदा कळला की खटकत राहतो. योकोहामाचा व्ही५५२ही याच पठडीतला: समतोल, सभ्य, घाई न आवडणारा.

आता एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली तरी चालते. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण पावसात पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी उतरू लागते. तीन मिलिमीटर राहिले की घाट आणि हायवेवाल्याने पावसाळ्याआधी टायर बदलावेत, ब्रँड कुठलाही असो. अर्धा झिजलेला पायलट स्पोर्ट आणि नवाकोरा यूसी६ यांत जुलै महिन्यात मी डोळे मिटून यूसी६ घेईन.

सिमेंटचे रस्ते, आवाज आणि ऊन

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, जवळपास सगळा काँक्रीटचा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचाही बराच भाग तसाच. काँक्रीटवर पाणी निघून जावं म्हणून आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात आणि टायरची घरघर तिथेच वाढते. शिर्डीहून नागपूरपर्यंत सलग गाडी हाकली की संध्याकाळी कानात जी घूंऽ राहते, ती इंजिनाची नसते.

या कसोटीवर क्रम उलटा लागतो. सर्वांत शांत योकोहामा, अगदी पाठोपाठ प्रायमसी. मागच्या सीटवर आई-वडील बसणार असतील तर हा फरक तुम्ही सांगायच्या आधी तेच सांगतील. पायलट स्पोर्ट त्याच्या जातीच्या टायरांमध्ये बराच शांत आहे, पण खरखरीत काँक्रीटवर स्वतःची हजेरी लावतो. यूसी६ नवा असताना ठीक, झिजत जाईल तसा आवाज वाढतो. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे आणि माझ्या गाडीवर अनुभवली आहे, की ती गृहीतच धरावी. रोटेशन, म्हणजे पुढचे-मागचे टायर आलटून-पालटून लावणं, वेळेवर केलं तर बरीच आटोक्यात राहते.

टायरवर साइजच्या शेवटी कोरलेल्या वेगाच्या अक्षरावर फार डोकं शिणवू नका. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०. समृद्धीवरची मर्यादा १२० आहे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या अक्षराच्या खाली जायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. विदर्भाच्या उन्हात टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे, जास्त भारामुळे किंवा जुन्या रबरामुळे. हवा कमी असली की साइडवॉल सतत दुमडत राहते, आतून तापते आणि शेवटी सोडून देते. लोक करतात नेमकं उलट: उन्हाळा आहे म्हणून दोन पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा कमी भरतात. तापमान १० अंश सेल्सिअसने चढलं तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि गाडी बनवणाऱ्यांनी तो हिशोब धरलेला असतो. दाराच्या खांबावर जो आकडा छापलाय तो थंड टायरचा आहे. सकाळी, गाडी निघण्याआधी तेवढीच हवा भरायची. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा, महिन्यातून दोनदा मोजली म्हणजे झालं.

साइडवॉल, खड्डे आणि मोठ्या रिमचा मोह

इथे आपले रस्ते निर्णय बदलायला लावतात. खड्ड्याची धार बसली की साइडवॉलच्या आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. पंक्चर काढता येतं, फुगा दुरुस्त होत नाही. टायर बदलावाच लागतो, आणि तो मायलेज संपल्यामुळे नव्हे तर एका खड्ड्यामुळे.

मऊ साइडवॉल धक्के छान पचवते, पण दगडाची कड आणि फुटपाथचा कोपरा तिला लवकर इजा करतात. प्रायमसीवाले आराम तोंडभरून सांगतात आणि पार्किंग करताना जास्त जपतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. पायलट स्पोर्टला रिमच्या कडेशी रबराची जाड पट्टी आहे, ती रिम घासण्यापासून वाचवते. फुग्यापासून वाचवेल अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. यूसी६ या चौघांत मला सर्वांत रांगडा वाटला. कोकणात गावापर्यंत जाणारा शेवटचा रस्ता ज्यांचा उखडलेला आहे, ते बहुतेक त्याच्याच बाजूने बोलतात.

आणि म्हणूनच १७ इंची रिमबद्दल मी ठाम नकार देतो. २२५/४५ आर १७ लावला तर चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, पण साइडवॉल ११३ मिलिमीटरवरून १०१ वर येते. खड्डा आणि रिम यांच्यामधलं १२ मिलिमीटर रबर गेलं. दिसायला गाडी देखणी होते हे खरं, आणि वळणातला प्रतिसादही सुधारतो. पण चांगला सोळा इंची टायर त्यातला बराचसा प्रतिसाद तुम्हाला रिमचा खर्च न करता देतो. ज्यांच्या गाडीला मुळातच १७-१८ इंच आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पायलट स्पोर्टसोबत व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक व्होर्टीही बघावा. ही डच कंपनी अपोलोने २००९ मध्ये घेतली, आणि तेव्हापासून अपोलोच्याच छत्राखाली आहे.

पैसा आणि आयुष्य

चौघांत पायलट स्पोर्ट सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर झिजणारा. जपून चालवणाऱ्यांकडे तो साधारण तीस ते चाळीस हजार किलोमीटर टिकतो, घाटात मजा घेणाऱ्यांकडे त्याहून कमी. यूसी६ सहज त्याच्या पुढे जातो आणि किंमतही कमी, त्यामुळे किलोमीटरमागे खर्च काढला तर यूसी६ स्पष्ट जिंकतो. प्रायमसी या दोघांच्या मध्ये. योकोहामाचा अडथळा किमतीपेक्षा मिळण्याचा आहे. जून २०२० पासून केंद्र सरकारने टायरच्या आयातीला परवाना लावला आणि तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरचा साठा लहरी झाला. आज दोन आहेत, उरलेले दोन पुढच्या महिन्यात, असं ऐकायची तयारी ठेवा. चारही एकदम मिळणार नसतील तर तो नाद सोडा.

मला कुणी सरळ विचारलं तर माझं उत्तर गाडीपेक्षा रस्त्यावर ठरतं. पुण्या-मुंबईत राहून दर पंधरवड्याला कोकणात किंवा गोव्याकडे आंबोलीमार्गे उतरणारा, चालवण्याची आवड असणारा माणूस असेल तर पायलट स्पोर्ट ४, बिनधास्त. त्याचा जास्तीचा पैसा अशाच एखाद्या ओल्या वळणावर वसूल होतो. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर कामानिमित्त फिरणारा, जिल्ह्याचे रस्ते तुडवणारा असेल तर यूसी६. शहर आणि एक्सप्रेसवे, सोबत कुटुंब, वेग मर्यादेत, त्यांनी प्रायमसी घ्यावा आणि समाधानी राहावं. योकोहामा मी सुचवतो फक्त त्याला, ज्याला केबिनमधला आवाज खरोखर सोसत नाही.

दुकानात उभं राहून

टायर बसवताना तिथेच थांबा. साइडवॉलवर चार आकडे एका चौकटीत असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षभराहून जुना माल असेल तर दुसरा मागा किंवा भाव पाडून घ्या. आयएसआयचं चिन्ह बघा. यातल्या असमान नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू कोणती ते कोरलेलं असतं. गर्दीच्या दुकानात पोऱ्या घाईत एखादा उलटा चढवतो, आणि पावसात गाडी एका बाजूला का ओढते याचं कोडं तुम्हाला सुटत नाही.

दोनच टायर बदलायची वेळ आली तर दुकानदार हमखास नवे पुढे टाकेल, कारण इंजिन पुढच्या चाकांना ओढतं आणि झिजतातही तेच. त्याला थांबवा. नवे दोन्ही मागे घालायला सांगा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा. पुढची चाकं पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये ते कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि उतारावरच्या वळणात सावरायला रस्ता उरत नाही. म्हणूनच पुढे पायलट स्पोर्ट आणि मागे कंपनीचे अर्धे घासलेले, ही पैसे वाचवणारी जोडी मी कुणाच्याही गाडीवर पाहिली की थांबून सांगतो.