कंबरदुखी: घरची मालिश की फिजिओथेरपी?

कापूस वेचणीत दिवसभर वाकून धरलेल्या कमरेसाठी घरी मालिश करावी की तालुक्याला फिजिओथेरपिस्टकडे जावे, असे यवतमाळकडील एका ताईंनी विचारले आहे. खर्चात मालिश उजवी आहे. तालुक्याला गेल्यास दिवसाची मजुरीही बुडते. टिकाऊपणाचे मात्र वेगळे आहे. कमरेवरील फॅशिया नावाचे जाड आवरण पाठीच्या रुंद स्नायूला विरुद्ध बाजूच्या नितंबाच्या स्नायूशी जोडते. म्हणून केवळ दुखरी जागा न चोळता नितंब आणि मांड्यांची मागची बाजूही सैल करावी. तरीही हा आराम बहुधा अल्पकाळच टिकतो, कारण मालिशने वेदनेची जाणीव शमली तरी स्नायूंची ताकद वाढत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला व्यायामच नियमाने करावा लागतो. नुसत्या थकव्याला मालिश पुरेशी आहे. दुखणे वारंवार उलटत असल्यास फिजिओथेरपी निवडावी. पाय बधिर किंवा लुळा पडल्यास, अथवा लघवीवरचा ताबा सुटल्यास, दोन्ही सोडून तातडीने रुग्णालय गाठावे.