फोटोत चार नळ्या, खोक्यात एक: सिव्हिकच्या ‘हेडर’मधली फसवणूक

होंडा सिव्हिक, १.८ लिटर, २००८ ची, एमएच-१० पासिंग. मालक सांगलीत विश्रामबागेचे. त्यांना ऑनलाइन एकाने ‘सिव्हिकचं फोर-टू-वन हेडर, ३०४ स्टेनलेस, २० बीएचपी वाढ’ असं सांगून ३८ हजारांना माल दिला. हेडर म्हणजे चार सिलिंडरचा धूर बाहेर आणून पुढे एकीत मिळवणाऱ्या चार नळ्या. पैसे आगाऊ, बिल नाही. शंभर फुटी रोडला गाडी जॅकवर चढवून बसवलेला माल तपासल्यावर एकाच व्यवहारात चार ठिकाणी फसवणूक निघाली. सातारा, कराड, कोल्हापूरकडेही हाच माल फिरतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, या गाडीला हेडर बसतच नाही. सिव्हिकच्या आर१८ इंजिनात चारही सिलिंडरचे एक्झॉस्ट (धूर बाहेर जायचे) मार्ग इंजिनाच्या हेडच्या आतच एकत्र येतात आणि बाहेर एकच तोंड निघतं. त्या तोंडाला कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) थेट बोल्टने बसतो. म्हणजे ज्या चार नळ्यांना आपण हेडर म्हणतो, त्या कंपनीने हेडमध्येच ओतून दिल्यात. मग फोटो कुठला? होंडाच्याच के२० इंजिनाचा. परदेशात याच पिढीची सिव्हिक एसआय २.० लिटर के२० घेऊन आली, तिच्या हेडला चार वेगळी तोंडं आहेत आणि हेडर बाहेरून बसतो. आपल्याकडे ती गाडी आलीच नाही. फोटोत चार नळ्या होत्या, खोक्यात आली एक: पुढे फ्लँज (बोल्टने आवळायची चकती), मध्ये फ्लेक्स (लवचीक भाग) आणि ऑक्सिजन सेन्सरसाठी भोक. विचारल्यावर उत्तर मिळालं, “सिव्हिकला असंच येतं, साहेब.” अर्धं खरं आहे ते. ती नळी कॅटकॉन काढून त्याच्या जागी टाकायची असते, आणि हेच विकताना सांगितलं नाही.

फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनीही हे लक्षात ठेवा. व्हर्टस आणि स्लाव्हियाची १.० व १.५ टीएसआय इंजिनं, ऑक्टाव्हियाचं ईए८८८ तिसऱ्या पिढीचं इंजिन, या सगळ्यांत मॅनिफोल्ड (धूर एकत्र करणारा भाग) हेडमध्येच आहे आणि त्यापुढे टर्बो. त्यांना मिळतो तो डाउनपाईप, म्हणजे टर्बोनंतरची नळी. ‘टीएसआयचं हेडर’ म्हणणारा एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. याउलट जुन्या सिटी व्हीटेकला चार तोंडं आहेत, तिथे हेडर खरोखर काम करतो. म्हणून पैसे देण्याआधी हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढा, हेडला किती तोंडं आहेत ते स्वतः मोजा, फोटो काढा आणि तोच फोटो विक्रेत्याला पाठवून विचारा की याला काय बसवणार.

दुसरी फसवणूक धातूची. मालकांनी चुंबक लावून बघितलं होतं, चिकटलं नाही, म्हणून ते निश्चिंत होते. इथेच भलेभले फसतात. चुंबक न चिकटणारं स्टेनलेस म्हणजे ३०४ असं नाही. स्वस्तातलं २०१ सुद्धा चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ मध्ये निकेल ३.५ ते ५.५ टक्क्यांवर आणून ती जागा मँगनीजने भरलेली असते. ते गंज लवकर धरतं आणि रोज तापून थंड होताना वेल्डच्या कडेने तडकतं. उलट अस्सल ३०४ ची नळी वाकवलेल्या जागी चुंबक किंचित ओढते, म्हणजे चुंबकाच्या भरवशावर चांगला माल परत जातो आणि वाईट माल पास होतो. खात्रीचा उपाय स्टीलच्या भंगारवाल्यांकडे आहे: टेस्टिंग लिक्विड आणि ९ व्होल्टची बॅटरी. पॉलिश घासून उघड्या केलेल्या जागी थेंब टाकून बॅटरी टेकवली की २०१ असेल तर थेंब काही सेकंदांत लाल होतो. या नळीवर तो लालभडक झाला. कुपवाड एमआयडीसीत ओळख असेल तर धातू तपासायची गन असलेलं कुणी ना कुणी सापडतं, तेही चालेल.

(४०९ या स्टेनलेसला चुंबक कडक चिकटतं. कंपन्या स्वतः सायलेन्सरला ते वापरतात, त्यामुळे ४०९ वाईट नाही. ३०४ च्या भावात ४०९ देणं वाईट.)

तिसरी, बांधणीची. वेल्डवर बाहेरून सुंदर निळी-सोनेरी झाक होती. आत बोट घालून फिरवलं तर गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला करपून बसलेल्या काकवीसारखा काळा, खरखरीत थर हाताला लागला. टिग वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. तो वाचवला की आतलं धातू हवेत जळून असं दाणेदार होतं. तडा तिथूनच सुरू होतो. फ्लँज व्हर्निअरवर ६ मिमी भरला. १० मिमीच्या खाली घेऊच नये, तापून वाकतो. त्यावर सरळ पट्टी धरली तर फट मोजायची ०.१० मिमीची फिलर पाती आरपार गेली. असा फ्लँज कितीही आवळला तरी गॅस्केट फुंकणारच. सकाळी थंड गाडीला टिकटिक येते, गरम झाल्यावर थांबते, आणि लोक टॅपेटला दोष देत बसतात. त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं. सेन्सरच्या भोकाचे आटेही बघा: एम१८ बाय १.५ हवेत, आणि सेन्सर आडव्या रेषेच्या वर तिरका बसला पाहिजे. या नळीत तो खाली तोंड करून होता. तिथे पाणी साचून सेन्सर मरतो.

कॅटकॉन गेल्यामुळे चेक इंजिन लाईट पी०४२० कोडने लागली, म्हणजे कॅटकॉन काम करत नाही. त्यावर सेन्सरला स्पेसर (धुरापासून लांब धरणारा तुकडा) लावून द्यायची तयारीही विक्रेत्याने दाखवली. लाईट विझेल, धूर तोच राहील. पीयूसीत गाडी अडकते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. २० बीएचपीचं म्हणाल तर एकाच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), एकाच दिवशी, आधी आणि नंतर असे दोन कागद मागा. तेवढं मागितलं की फोन उचलणं बंद होतं.

पैसे परत मिळवायला रस्ता आहे. पेमेंटचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो, चॅट आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. माल आलाच नाही तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. विक्रेता परगावचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

चौथी फसवणूक सगळ्यात महाग पडली. विक्रेत्यानेच पाठवलेल्या फिटरने जुना कॅटकॉन ‘भंगार आहे, राहू द्या इथेच’ म्हणत ठेवून घेतला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं. आता गाडी पुन्हा कंपनीसारखी करायची तर नवा कॅटकॉन आणावा लागणार. कुठलंही काम करा, काढलेला कॅटकॉन सेन्सर आणि नटांसकट पोत्यात घालून स्वतःच्या डिकीत ठेवा, आणि मगच गाडी जॅकवरून खाली उतरवायला सांगा.