४ जीबीचे म्हणून विकलेले १ जीबीचे ग्राफिक्स कार्ड

हे लिहिताना मला लाज वाटते आणि रागही येतो. नव्या गेमिंग संगणकावर झालेल्या खर्चापैकी ४० टक्के रक्कम मी ज्या ग्राफिक्स कार्डासाठी मोजली, ते जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी म्हणून विकले गेले आणि प्रत्यक्षात २०११ मधले जीटीएक्स ५५० टीआय निघाले. मेमरी १ जीबी, कोअर (गणना करणारे घटक) ७६८ ऐवजी १९२. बायोस, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख सांगणारा कार्डातला प्रोग्राम, बदललेला असल्यामुळे विंडोजमध्येही खोटेच नाव दिसत होते.

जुळणी झाल्यावर विक्रेत्याने माझ्यासमोरच चाचणी घेतली आणि मॉनिटरची व्हीजीए केबल (निळ्या टोकाची, जुन्या ॲनालॉग पद्धतीची) थेट कार्डाला जोडली. तो क्षण आजही मला छळतो. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीचे आहे, तिच्या चिपमध्ये ॲनालॉग आउटपुटच नाही, त्यामुळे त्यावर ते निळे पोर्ट दिसताच संशय यायला हवा होता. मला हे ठाऊक होते, तरी मी गप्प राहिलो. पण खोके सीलबंद होते, पडद्यावर नाव बरोबर होते आणि गेम सुरळीत चालत होता. अशा वेळी माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? "ड्रायव्हर अपडेट करू नका," हे त्याचे बजावणेही मला अनुभवी माणसाचा सल्ला वाटले. असे कोणी सांगितले, तर व्यवहार तिथेच थांबवा.

त्याने चालवलेला गेम जुना होता आणि १ जीबीत मावत होता. घरी गेममधले टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) वाढवताच पडदा काळा होऊन संगणक बंद पडू लागला. आठ दिवस मी पॉवर सप्लाय आणि रॅमलाच दोष देत राहिलो. अखेर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चालवली, तेव्हा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असा शब्द दिसला. केवळ एफपीएसवर, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, समाधान मानू नका. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची मेमरी, पूर्ण भरेल असा बेंचमार्क (चाचणी प्रोग्राम) पैसे देण्याआधी चालवून घ्या.

विक्रेत्याने हात वर केले. पोलिसांनी हा ग्राहक तक्रारीचा विषय ठरवला, तर ग्राहक तक्रार कक्षाने फसवणूक म्हणजे पोलिसांचे काम, असे सांगून मला परत पाठवले. तिसऱ्या खेपेला तिथल्या अधिकाऱ्याने कार्ड हातात घेऊन विचारले, "चालते ना? मग तक्रार कसली?" बायोस म्हणजे काय, हे समजून घेण्याचीही कोणाची तयारी नव्हती. पावतीवर केवळ 'ग्राफिक्स कार्ड' लिहिलेले असल्याने माझा पुरावाही लंगडा पडला. मॉडेल आणि अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्याच. पुरावा अपुरा असल्याचा शेरा मारून माझी तक्रार बंद करण्यात आली आणि तो विक्रेता आजही संगणक जुळवून देत आहे.